एक जीवाणू, अठ्ठ्याऐंशी प्रयोगशाळा

सायकलच्या मडगार्डचा एखादा नट रस्त्यात गळून पडला, तर आपण फारसे हळहळत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, बोल्ट दाखवतो, दुकानदार डब्यात हात घालून एक नट काढतो आणि तो बसतो. सायकल एका गावातल्या कारखान्यात बनलेली असते, नट दुसऱ्या गावातला असतो. दोन्ही कारखान्यांतल्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नसते. तरी नट बसतो, याचे आपल्याला आश्चर्य वाटत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी मात्र ते वाटले असते. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सर्वांसाठी आट्यांचे एकच माप सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये दुसरे माप मांडले. त्यात तो कोन ६० अंशांचा होता. दोन्ही मापे आपापल्या देशांत रुजली, पण ब्रिटिश बोल्टला अमेरिकन नट बसेना. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना ही अडचण चांगलीच जाणवली आणि अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एक सामाईक माप मान्य केले. अनोळखी माणसांनी मिळून काम करायचे, तर आधी मापावर एकमत व्हावे लागते आणि त्याला वेळ लागतो, एवढा धडा या इतिहासातून घेता येतो.

आज मला सांगायची आहे ती गोष्ट नट-बोल्टची नाही, जीवाणूंची आहे. ती घडवली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी, आणि तीही स्पर्धेसाठी आलेल्या विद्यार्थ्यांनी.

जनुकांचे सुटे भाग

२००० साली ‘नेचर’ या साप्ताहिकात दोन शोधनिबंध आले. एकात ई. कोलाय या जीवाणूमध्ये काही जनुके अशी जोडली होती, की विजेच्या बटणाप्रमाणे त्यांची ‘चालू’ किंवा ‘बंद’ स्थिती टिकून राही. दुसऱ्यात तीन जनुके एकमेकांना आळीपाळीने दाबून टाकत आणि त्यामुळे जीवाणू ठरावीक काळाने उजळत व मंदावत. निसर्गात नसलेली जनुकांची मंडले आराखडा काढून बांधता येतात, असे यावरून दिसले. या अभ्यासाला पुढे संश्लेषी जीवशास्त्र हे नाव रूढ झाले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे जानेवारी महिन्यात नेहमीचे वर्ग नसतात. विद्यार्थी आवडीचे विषय शिकतात. २००३ च्या जानेवारीत टॉम नाइट, ड्रू एंडी, रँडी रेटबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक छोटा अभ्यासक्रम घेतला. जीवाणूंची उघडझाप करणारी मंडले विद्यार्थ्यांनी आखायची, असे त्याचे स्वरूप होते. नाइट मूळचे संगणक अभियंते, एंडी स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले. त्यामुळे सुटे भाग आणि प्रमाणित मापे यांचा विचार त्यांच्या मनात आधी आला, हे साहजिक होते. या क्षेत्रातली मंडळी सेलर्स यांच्या आट्यांचा दाखला आवर्जून देत.

जनुकांच्या सुट्या भागांसाठी नाइट यांनी जी जोडणी सुचवली, ती फळ्यावर सहज दाखवता येण्याजोगी आहे. डीएनएच्या प्रत्येक तुकड्याच्या पुढच्या टोकाला दोन आणि मागच्या टोकाला दोन अशा ठरावीक जागा ठेवायच्या. प्रत्येक जागा एकेक विकर ओळखते व तेथे डीएनए कापते. पुढच्या टोकाची एक जागा टी-सी-टी-ए-जी-ए अशी, तर मागच्या टोकाची एक जागा ए-सी-टी-ए-जी-टी अशी. दोन्ही ठिकाणी कापल्यावर जो चिकट शेव उरतो तो एकच असतो : सी-टी-ए-जी. म्हणून पहिल्या तुकड्याचे मागचे टोक दुसऱ्याच्या पुढच्या टोकाला जुळते. जुळल्यावर सांध्यात ए-सी-टी-ए-जी-ए ही अक्षरे तयार होतात आणि गंमत अशी, की ती दोन्हींपैकी कोणत्याच विकराला ओळखता येत नाहीत. सांधा कायमचा बंद होतो, बाहेरची टोके मात्र पूर्वीसारखीच राहतात. दोन विटा जोडल्या, की एक मोठी वीट तयार. तिलाही पुढची वीट त्याच रीतीने लावता येते.

हे तुकडे जपून ठेवण्यासाठी एमआयटीत एक भांडार सुरू झाले. मागेल त्या संघाला तेथून डीएनए पाठवायचा आणि त्या संघाने स्वतः केलेले नवे तुकडे भांडारात जमा करायचे, असा रिवाज पडला.

पाच संघांपासून

२००४ च्या उन्हाळ्यात एमआयटी, बोस्टन विद्यापीठ, कॅलटेक, प्रिन्स्टन आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ अशा पाच ठिकाणच्या विद्यार्थ्यांचे संघ उतरले आणि ‘आयजेम’ ही स्पर्धा सुरू झाली. २००५ मध्ये १३ संघ झाले. त्यांत कॅनडा, इंग्लंड आणि स्वित्झर्लंडचे विद्यार्थीही होते. २००६ मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा, म्हणजे एनसीबीएसचा, संघ गेला. २००९ पर्यंत संघांची संख्या शंभराच्या वर गेली. पुढे पुण्याच्या आयसरचे आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थीही या मेळाव्यात सहभागी झाले.

या स्पर्धेची एक पद्धत शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. वरच्या बक्षिसांसाठी चुरस असते, पण पदके मात्र निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संघाला मिळतात. एकाला मिळाले म्हणून दुसऱ्याचे हुकत नाही. दुसऱ्या एखाद्या संघाला ठोस मदत करणे, हाही बरीच वर्षे पदकाच्या निकषांपैकी एक होता. कोणी दुसऱ्याच्या तुकड्याची चाचणी करून दिली, कोणी गणिती प्रतिकृती तयार करून दिली, कोणी न मिळणारा जीवाणू पाठवला.

अशा सहकार्याचे पहिले ठळक फळ म्हणजे जीवाणूंची ‘फोटो फिल्म’. ई. कोलाय आपल्या आतड्यात, म्हणजे अंधारात राहतो. तांबडा प्रकाश ओळखण्याची सोय त्याच्याकडे नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एका नीलहरित जीवाणूचे प्रकाश ओळखणारे प्रथिन ई. कोलायच्या एका प्रथिनाला जोडून प्रकाशाची जाणीव देणारा भाग तयार केला. ऑस्टिनच्या विद्यार्थ्यांनी त्याचा वापर करून जीवाणूंच्या थरावर चित्र उमटवले. तांबडा प्रकाश पडेल तेथे रंग तयार करणारे जनुक बंद राही आणि अंधाराच्या जागी काळा रंग येई. त्या थरावर त्यांनी जगाला ‘नमस्कार’ सांगणारे दोन इंग्रजी शब्द उमटवले. हे काम नोव्हेंबर २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

आणखी एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. २००९ मध्ये बंगळूरच्या सृष्टी या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा संघ एनसीबीएसच्या मदतीने स्पर्धेत उतरला. पहिल्या पावसानंतर येणारा मृद्गंध ज्या जिओस्मिन या रेणूमुळे येतो, तो रेणू मातीतले काही सूक्ष्मजीव तयार करतात. तो ई. कोलायकडून तयार करवण्याचे काम या कलेच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले होते. प्रयोगशाळेत पूर्वी कधी पाऊल न टाकलेल्या मुलांनी ते करावे, हे मला फार मोलाचे वाटते.

वीट बसली, पण किती उजळली?

इतके सगळे चांगले चालले असताना एक उणीव हळूहळू पुढे आली. भांडारात हजारो तुकडे जमले. ते एकमेकांना जुळतही होते. पण एखादा तुकडा जोडल्यावर तो काम किती जोराने करील, हे बहुतेकांबाबत कोणी मोजलेलेच नव्हते. २००९ मध्ये या विषयावर आलेल्या एका शोधनिबंधाने ही गोष्ट स्पष्टच मांडली : प्रमाण ठरले आहे ते जोडणीचे, वागणुकीचे नव्हे.

उदाहरणार्थ, प्रवर्तक घ्या. जनुकाच्या आधी असणारा हा डीएनएचा तुकडा नळाच्या तोटीसारखा असतो. तोटी किती उघडी, यावर जनुकापासून किती प्रथिन तयार होणार हे ठरते. तोटी किती उघडी आहे हे पाहण्यासाठी तिच्यापुढे हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडतात आणि जीवाणूंवर निळा प्रकाश टाकून ते किती हिरवे चकाकतात ते प्लेट रीडर या यंत्राने मोजतात. यंत्र एक आकडा दाखवते. पण तो आकडा कशाचा? त्याच्यापुढे ग्रॅम नाही, सेंटिमीटर नाही. दुसऱ्या कंपनीचे यंत्र त्याच नमुन्याला भलताच आकडा दाखवते. आमच्याच प्रयोगशाळेत एक जुने आणि एक नवे अशी दोन यंत्रे होती. एकाच परीक्षानळीतला नमुना दोन्हींत ठेवला, तर आकड्यांत कित्येक पटींचा फरक पडे. आम्ही त्या आकड्यापुढे ‘स्वैर एकके’ असे लिहून मोकळे होत असू. बरीच वर्षे जगभर हेच चालत होते.

२००९ च्या त्या निबंधात यावर पहिला उपाय सुचवला होता. एक ठरावीक प्रवर्तक सर्वांनी संदर्भ म्हणून घ्यायचा आणि बाकीच्यांचे मोजमाप त्याच्या तुलनेत सांगायचे. त्यामुळे यंत्रे व परिस्थिती यांतून येणारी तफावत सुमारे निम्म्याने घटली. सुधारणा चांगली होती, पण पुरेशी नव्हती.

मुद्दाम केलेली पुनरावृत्ती

२०१४ मध्ये स्पर्धेच्या संयोजकांनी संघांना एक वेगळेच आवाहन केले. आपापला प्रकल्प करा, पण त्याबरोबर एक साधा प्रयोगही सर्वांनी सारखाच करा. कामात नावीन्य काहीच नव्हते. हिरव्या प्रथिनाला वेगवेगळ्या जोराचे तीन प्रवर्तक जोडायचे, जीवाणू वाढवायचे आणि चकाकी मोजायची. २०१४ आणि २०१५ मिळून जगभरातील ८८ संस्थांनी यात भाग घेतला.

निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चकाकीचे निरपेक्ष मापन फारच थोड्यांना करता आले, म्हणून गुणोत्तरे तपासली गेली : पहिला प्रवर्तक दुसऱ्याच्या किती पट जोरदार? दोन जोरदार प्रवर्तकांच्या गुणोत्तरात प्रमाण विचलन १.५४ पट आले. म्हणजे साधारण दोन तृतीयांश उत्तरे सरासरीला १.५४ ने गुणून आणि भागून येणाऱ्या पट्ट्यात होती. पण सर्वांत जोरदार आणि सर्वांत मंद यांच्या गुणोत्तरात हे विचलन ५.७५ पट निघाले. शिवाय जीवाणूचा वाण कोणता घेतला याने गुणोत्तरावर परिणाम झाला नाही, पण यंत्र कोणते वापरले याने झाला. शंका होती जीवाणूवर, दोष निघाला मोजण्यात! एकट्या प्रयोगशाळेला हे कधीच कळले नसते, कारण तिचे सगळे आकडे एकाच यंत्रातून आलेले असतात.

पुढच्या वर्षी म्हणून मोजण्याकडेच लक्ष दिले गेले. २०१६ च्या फेरीत ९२ संस्थांनी भाग घेतला. या वेळी प्रत्येक संघाने आपले यंत्र आधी एका ठरावीक पदार्थाने तपासून घेतले. फ्लुओरेसिन या चकाकणाऱ्या रंगद्रव्याचे द्रावण निम्मे-निम्मे पातळ करत जायचे आणि प्रत्येक वेळी यंत्र कोणता आकडा दाखवते ते लिहायचे. आता जीवाणूंचा नमुना ठेवल्यावर ‘आकडा अमुक’ असे न म्हणता ‘इतक्या फ्लुओरेसिनइतकी चकाकी’ असे म्हणता येऊ लागले. केवळ गुणोत्तरांवर विसंबण्याच्या तुलनेत मापनातील अनिश्चिततेचा पट्टा काही बाबतींत ६०० पटींपर्यंत अरुंद झाला. आणखी एक फायदा झाला. एककच सामाईक असल्यामुळे कोणत्या संघाच्या प्रयोगात कृती चुकली असावी, हे त्यांच्या नियंत्रण-नमुन्यांवरून ओळखता येऊ लागले.

एक प्रश्न तरी उरलाच. चकाकी मोजली, पण ती किती जीवाणूंची? द्रव जितका गढूळ तितके जीवाणू जास्त, असा अंदाज जीवशास्त्रज्ञ पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. पण गढूळपणाचा आकडाही यंत्रागणिक बदलतो. २०१८ च्या फेरीत तब्बल २४४ प्रयोगशाळांनी जीवाणूंच्या आठ वाणांवर तीन पद्धती पडताळून पाहिल्या. त्यांत सिलिकाच्या सूक्ष्म गोलकांची पद्धत सर्वांत सरस ठरली. हे गोलक आकाराने साधारण जीवाणूएवढे, सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाचे असतात. एका मिलिलिटरमध्ये ते किती आहेत हे ठाऊक असते. ते निम्मे-निम्मे पातळ करत गढूळपणा मोजला, की आपल्या यंत्राचा कोणता आकडा म्हणजे किती कण, याचा तक्ता मिळतो. या पद्धतीत ९५.५ टक्के मोजमापांतली चूक १.२ पटींहून कमी होती. प्लेट रीडर आणि एकेक पेशी मोजणारा फ्लो सायटोमीटर या दोन निराळ्या यंत्रांनी काढलेल्या दरपेशी चकाकीत सरासरी फरक फक्त १.०७ पट राहिला. हा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ही कृती आज कोणत्याही प्रयोगशाळेला वापरता येते, कारण ती मुद्दामच साधी आणि स्वस्त ठेवली होती. या कामांचे श्रेय नोंदवताना सहभागी संघांचीही नोंद शोधनिबंधांत घेतली गेली.

या प्रयोगांनी सगळे प्रश्न सुटले, असे मात्र समजू नये. हिरवे प्रथिन मोजायला सोपे आहे. जनुकांचे पुष्कळ तुकडे तसे नाहीत. स्पर्धेचे शुल्क हजारो डॉलरमध्ये असते, त्यामुळे साध्या कॉलेजांना तिचे दार सहज उघडत नाही. तरीही जे साधले ते थोडे नाही. नामांकित प्रयोगशाळांनी एकमेकांशी ताडून पाहण्याचा कंटाळा केला, ते काम शेकडो विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत केले.

आपल्या वर्गासाठी

मी कॉलेजात असताना लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व-त्वरणाचे उत्तर ९.८ येणार हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. माझे उत्तर १०.६ आले. मी वहीत पेन्सिलीने उलटी गणिते करून निरीक्षणे ‘दुरुस्त’ केली आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. आज वाटते, त्या दिवशी मी एक माहिती पुसून टाकली. माझी दोरी मोजण्यात चूक होती की घड्याळ दाबण्यात, हे वर्गातल्या चाळीस वह्या एकत्र ठेवून शोधता आले असते. पण चाळीसही वह्यांत ९.८ च होते.

या विद्यार्थ्यांच्या प्रयोगात पानामागचे ‘बरोबर उत्तर’ नव्हते. ज्याचे जे आले ते त्याने पाठवले. जुळलेल्या उत्तरांइतकीच न जुळलेली उत्तरेही उपयोगी पडली. यंत्राचा दोष उघड झाला तो त्यांच्यामुळेच. एखाद्याने आपला आकडा दुसऱ्यांसारखा दिसावा म्हणून बदलला असता, तर सहकार्याचा अर्थच उरला नसता.

हा अनुभव शाळेत देण्यासाठी जनुकांची गरज नाही. चार-पाच शाळांनी एकाच प्रकारची दूध भुकटी घ्यावी. एकीने काही ग्रॅम भुकटी मोजून, वजन न सांगता, सारख्या पुड्या करून बाकीच्यांना पाठवाव्यात. प्रत्येक शाळेने आपली पुडी एक लिटर पाण्यात कालवावी. कागदावर फुली काढून त्यावर काचेचा उभट पेला ठेवावा आणि वरून पाहत, फुली दिसेनाशी होईपर्यंत द्रव ओतावा. द्रवाची उंची मोजावी. शाळाशाळांचे आकडे वेगळे येतील, कारण पेले, उजेड आणि डोळे वेगळे. मग प्रत्येक शाळेने त्याच भुकटीचे लिटरला ४ ग्रॅम असे द्रावण करून ते निम्मे-निम्मे पातळ करावे, त्यांच्या उंचीचा आलेख काढावा आणि त्यावरून अज्ञात पुडीचे वजन ओळखावे. आता उत्तरे बरीच जवळ येतील. जी येणार नाहीत, त्यांची चिठ्ठी सर्वांत आधी वाचावी आणि त्या शाळेने काय वेगळे केले ते मुलांनीच पत्र लिहून विचारावे.

मात्र एक पथ्य पाळायचे : आकडे जसे आले तसेच पाठवायचे, आणि सगळ्यांचे येईपर्यंत पुडीचे खरे वजन कोणालाही सांगायचे नाही. शिक्षकांनासुद्धा!